त्या पंधरवड्यातले अकरा ठसे

९ जानेवारी

दातांची डॉक्टरीण आज सकाळी चित्र परत घेऊन आली. नऊ वर्षांपूर्वी माझ्याकडून नेलेला नदीच्या वळणाचा फोटो; आमच्या कामात त्याला ठसा म्हणतात. वर्तमानपत्रात गुंडाळून, वर सुतळी बांधून आणला होता. "काकू, रागावू नका, पण हे जरा बघता का?" काकू म्हणे. काका मी कधी आणलाच नाही, पण लोकांना ते कुठे ठाऊक.

सोडून पाहिलं. आकाश पिवळं पडलंय, आणि पलीकडच्या काठावर झाडं होती एवढंच कळतं. मी म्हटलं, तुमच्या दवाखान्यात औषधांच्या वाफा असतात, त्याने झालं असणार. ती म्हणाली, "चित्र घरी होतं, झोपायच्या खोलीत." मग ऊन लागलं असेल, म्हटलं. तर खोलीला उत्तरेची खिडकी. शेवटी, ठेवून जा, बघते, म्हणून वाटेला लावली. जाताना बिचारीने माझ्या दाढेचीही चौकशी केली. मी तोंड उघडलं नाही.

माझे ठसे शंभर वर्षं टिकतात, असं मी दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. ज्यांच्याकडे हे काम शिकले ते मास्तर सांगायचे म्हणून मी सांगते. हे काम आता कोणी करत नाही, त्यामुळे लोक विश्वास ठेवतात. कागद मिठाच्या पाण्यात भिजवून वाळवायचा, त्यावर ब्रशने चांदीचं पाणी द्यायचं, निगेटिव्हच्या काचेखाली दाबून उन्हात ठेवायचा. चित्र उमटलं की हायपोच्या औषधात बुडवून पक्कं करायचं. आणि मग तो हायपो कागदातून धुऊन काढायचा, वाहत्या पाण्यात, पुरा एक तास. तो आत राहिला तर पुढे तोच चित्राला खातो. मास्तरांनी पहिल्या दिवशी बजावलं होतं, "बाकी सगळं चुकलं तरी चालेल. धुणं चुकवायचं नाही." पंचवीस वर्षांत मी ते चुकवलेलं नाही.

१० जानेवारी

कामाची वही काढून पाहिली. प्रत्येक ठशाची एक ओळ असते: कागद कुठला, ऊन किती, हायपो किती, धुणं किती. नदीच्या वळणापुढे माझ्याच अक्षरात लिहिलंय, "धुणं – एक तास." झालं तर मग. दोष माझा नाही.

१३ जानेवारी

चौकटवाल्याकडे जाऊन भांडून आले. म्हटलं, तुमच्या पुठ्ठ्यात नाहीतर खळीत काहीतरी आहे, त्याने माझं चित्र नासलं. तो रंधा मारायचा थांबलासुद्धा नाही. म्हणाला, "बाई, माझ्या पुठ्ठ्याचा दोष असता तर तुमची बाकीची चित्रं का नाही पिवळी पडली? सगळ्यांना पुठ्ठा एकच लावलाय मी." मी म्हटलं, तुम्हाला काय कळतंय त्यातलं. तो म्हणाला, "मला काहीच कळत नाही. पण नाचता येईना..." आणि तिथेच थांबला. भला माणूस, अंगण माझ्यासाठी ठेवलं. घरी येईपर्यंत मी ती म्हण चार वेळा पुरी केली.

१९ जानेवारी, रविवार

दुपारी दादाकडे जेवायला. दादाने पुन्हा नवा चष्मा केलाय, वर्षातला तिसरा. "चष्मेवाला म्हणतो नंबर तोच आहे. मी म्हटलं, तुझं मशीन बिघडलंय." पेपर तो बिनघोर वाचतो, वहिनींना सुईत दोरा ओवून देतो, पण म्हणे बारीक गोष्टी दिसत नाहीत. कुठल्या बारीक गोष्टी, विचारलं. "असतात काही. सकाळी कपाट उघडलं की सगळं धूसर दिसतं." मी म्हटलं, शर्ट ओळखायला चष्मा लागत असेल तर आता वहिनींनीच काढून देत जावा. तो हसला. वहिनी हसल्या नाहीत, ताटं उचलायला लागल्या. त्यांना माझ्या थट्टा कधीच पचत नाहीत.

दादा म्हातारा होत चाललाय, एवढंच. सत्तावन्न म्हणजे काही फार नाही, पण त्याला मागची नऊ वर्षं जरा जास्तच लागली.

२४ जानेवारी

पोस्टातून निवृत्त झालेल्या गृहस्थांकडे गेले. त्यांच्याकडे माझा पाणथळीचा ठसा आहे. वहीत तो नदीच्या वळणानंतर दोन दिवसांनी आहे, तेव्हा सहज बघून यावं म्हटलं. त्यांनी मोठ्या आदराने समोरच्या खोलीत नेलं. भिंतीवर चांगल्या लाकडाच्या चौकटीत पिवळट कागद, त्यावर गवताच्या काही रेघा.

"पूर्वी यात बगळे होते ना हो?" मी विचारलं.

"होते," ते म्हणाले. "सात होते. आम्ही म्हणायचो, एकेक उडून चाललाय." आणि खुशाल हसले. इतकी वर्षं हा माणूस माझं चित्र मरताना बघत होता आणि त्याला तो माझ्या कलेचाच भाग वाटत होता.

२५ जानेवारी

या दोन ठशांच्या आधीच्या महिन्यातले तीन ठसे आणि नंतरच्या महिन्यातले चार लोकांच्या घरी जाऊन पाहिले. सगळे ठणठणीत. म्हणजे बिघाड फक्त मधल्या पंधरवड्यातला. त्या पंधरा दिवसांत मी अकरा ठसे काढले होते.

आता कारणही आठवलं. त्या वर्षी पाण्याची टंचाई होती. नळाला पाणी दिवसाआड यायचं, त्यामुळे धार बारीक राहिली असेल. तास भरला, पण पाणी पुरलं नाही. आपण तरी काय करणार.

दहा जणांकडे जाऊन चित्रं परत घ्यायची, काचेवरून नवे ठसे काढून द्यायचे आणि क्षमा मागायची. अकरावा घरचाच आहे. तो बघू नंतर.

२ फेब्रुवारी

आठ परत आले. कोणी चिडलं नाही, त्याचाच त्रास जास्त झाला. एक बाई तर चित्र द्यायलाच तयार नव्हत्या. "आम्हाला असंच आवडतं, धुक्यातलं." मी त्यांना सांगितलं की ते धुकं नाही, माझी चूक आहे. माझी चूक, हे शब्द आज पहिल्यांदा मोठ्याने उच्चारले. मग पाण्याच्या टंचाईचंही सांगितलं.

ऊन छान आहे. रोज दोन ठसे होतात. बोटं पुन्हा काळी झाली, चांदीचं पाणी निघता निघत नाही. काच असली की ठसा कितीदाही काढता येतो, डोंगर पुन्हा तसाच्या तसा उभा राहतो. बगळे सातही परत आले. पोस्टाचे गृहस्थ मोजतील, म्हणून मी आधीच मोजून ठेवले.

अकराव्याची काच नाही.

तो खडकाचा ठसा. पठाराच्या टोकाला एक उभा काळा खडक आहे, तीन माणसांएवढा. असल्या चित्रात उंची कळावी म्हणून पायथ्याशी कोणालातरी उभं करायचं, ही मास्तरांची रीत. त्या दिवशी माझ्याबरोबर मुंगी होती, म्हणून मुंगीला उभं केलं. मुंगी म्हणजे दादाची मुलगी, दहा वर्षांची. सतत काहीतरी उचलून कुठेतरी नेत असायची, म्हणून मुंगी. चित्रात ती तांदळाच्या दाण्याएवढी आली. पांढरा फ्रॉक, मागे काळा दगड. त्यानंतर एकोणीस दिवसांनी ती तापाने गेली.

ती गेल्यावर चौथ्या दिवशी दादा माझ्याकडे आला होता. "त्या खडकाच्या फोटोत ती आहे ना? मला दे." तो माझ्या त्या पंधरवड्यातला पहिला ठसा. एकच काढला. पुढे वर्षभराने त्याने वहिनींच्या आईसाठी आणखी एक मागितला, तेव्हा मी सांगितलं की काच फुटली.

त्यांच्या घरात ते चित्र मी कधी भिंतीवर पाहिलं नाही. वहिनींनी उचलून ठेवलं असेल. मी विचारलं नाही.

७ फेब्रुवारी

वही पुन्हा पाहत होते. त्या अकरा ओळी हिरव्या शाईत आहेत. सगळ्या एकाच तिरकसपणाने, एका बैठकीत लिहिल्यासारख्या. त्याच्या आधी निळी शाई आणि नंतरही निळीच. रोजची ओळ रोज लिहायची हा माझा नेम. मग पंधरा दिवसांच्या ओळी मी एका दिवसात कशा लिहिल्या?

एक तास, एक तास, एक तास. अकरा वेळा.

कोणाला फसवायला लिहिलं हे? माझी वही माझ्याशिवाय कोण वाचतं?

९ फेब्रुवारी, रविवार

आज दादाकडे जायला नको होतं. नाही, जायलाच हवं होतं.

जेवताना मी पाण्याच्या टंचाईचं बोलले. वहिनी म्हणाल्या, "ती पुढच्या वर्षीची, वन्सं. त्या वर्षी पाणी भरपूर होतं. दवाखान्यातून आल्यावर मी दोन दिवस नुसतं घर धूत होते, मला बरं आठवतंय."

मग दादा हात धुऊन आला आणि म्हणाला, "चौकटवाला भेटला होता. म्हणाला, तुझी जुनी चित्रं उडायला लागलीत. मी त्याला चांगला झापला. म्हटलं, माझ्याकडे तिच्या हातचा ठसा आहे, नऊ वर्षं झाली, ये आणि बघ." आणि मला हाताला धरून झोपायच्या खोलीत घेऊन गेला. कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला, शर्टांच्या समोर, खडकाचा ठसा.

दादा आवाज खाली आणून म्हणाला, "बाहेर लावलं नाही. हिला सारखं समोर नको म्हणून. मी सकाळी शर्ट काढताना बघतो."

खडक तपकिरी झालाय. आकाश गेलंय. पायथ्याशी जिथे मुंगी होती तिथे एक फिकट ठिपका, तोही माहीत असेल तर दिसणारा.

"मला हल्ली ती नीट दिसत नाही," दादा म्हणाला. "आधी फ्रॉकची बाही दिसायची. या चष्म्याने जरा बरं वाटेल असं वाटलं होतं. तूच सांग, तुझी नजर तयार आहे. दिसते ना तुला?"

तीन चष्मे. माझ्या कामावर विश्वास म्हणून त्याने स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतला.

मी म्हटलं, इथे उजेड कमी आहे. आणि चप्पल घालून निघून आले.

१० फेब्रुवारी

झाकली मूठ सव्वा लाखाची. न सांगता राहिले तर काय होईल? दोन-तीन वर्षांत कागद कोरा होईल. तोवर तो आणखी चार चष्मे करेल. मग कधीतरी म्हणेल, आता डोळे गेलेच, आणि शांत होईल. कोणाचं काही बिघडणार नाही.

हे लिहून वाचलं आणि स्वतःचीच किळस आली.

११ फेब्रुवारी

ऊन उत्तम होतं. काहीही केलं नाही.

१५ फेब्रुवारी

आता लिहूनच टाकते. इथे खोटं लिहिण्यात काही अर्थ नाही, ते काम वहीत करून झालंय.

दादा ठसा मागून गेला त्या दुपारी मी काच काढली, कागद तयार केला, उन्हात ठेवला. तोवर हात आपोआप चालत होते. हायपोतून काढून धुण्याच्या ट्रेत टाकला, नळ सोडला. मी तिथे उभी होते. ठसा उताणा तरंगत होता आणि त्याच्यावरून पाणी जात होतं. पाणी हललं की ती हलल्यासारखी दिसायची. ती पाण्याखाली होती आणि मी वर उभी राहून घड्याळ बघत होते.

दहा मिनिटंही झाली नसतील. मी कागद बाहेर काढला, टिपला आणि ओलाच दादाला नेऊन दिला.

पुढच्या दोन आठवड्यांत मी वेड्यासारखं काम केलं. घरात बसवत नव्हतं. पण धुण्याच्या खोलीत उभं राहता येत नव्हतं. डोंगर असो की नदी, ट्रेत कागद टाकला की मी पाच-दहा मिनिटांत बाहेर. पुढे एक दिवस बसून अकरा ओळी लिहिल्या. एक तास.

आणि काच फुटली नव्हती. ती मी नळाखाली धरून घासली. जुनी काच घासून परत वापरतात, आमच्यात ते नेहमीचंच आहे. मी स्वतःला तेच सांगितलं, चांगली काच वाया का घालवा. त्या काचेवर पुढे काय काढलं तेही मला आठवत नाही.

मला ती माझी मुलगी वाटायची. हे मी कुठेच कधी बोलले नाही. आई-बाप समोर असताना आत्याने कुठल्या तोंडाने बोलायचं?

१८ फेब्रुवारी

सांगितलं. धुण्याचं सांगितलं, काचेचं नाही. एका दिवसात माझी तेवढीच ताकद.

दादा पलंगावर बसून होता. सगळं ऐकून त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हणजे डोळे बरे आहेत माझे," म्हणाला. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

मग कामाचं बोललो. मी दोन्ही बाजू सांगितल्या. असंच ठेवलं तर ती हळूहळू जाणार, हे नक्की. आता धुतलं तर आत राहिलेला हायपो निघेल आणि जे उरलंय ते टिकेल. पण कागद जुना झालाय. चांदी कदाचित इतकी सुटी झाली असेल की पाण्याबरोबर जे उरलंय तेही त्याच दिवशी जाईल. तसं होणारच नाही अशी हमी मी देत नाही. हमी देण्याची माझी लायकी राहिलेली नाही.

दादा म्हणाला, "नको. राहू दे. आहे तेवढी आहे."

दारातून वहिनी म्हणाल्या, "धुवा. मला तिला रोज थोडीथोडी जाताना नाही बघवत."

दादाने मान वर केली. "तू बघतेस?"

"तुम्ही कामावर गेलात की उघडते," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला कळलं तर तुम्ही ते माझ्यासाठी तिथून काढाल, म्हणून बोलले नाही."

मी उठून स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला. चहाला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ मी तिथे होते. परत आले तेव्हा दोघं एकमेकांशेजारी बसले होते आणि दादा म्हणाला, "रविवारी आणतो."

२३ फेब्रुवारी, रविवार

दोघं दहाला आले. दादाच्या हातात चौकट, चादरीत गुंडाळलेली. मी म्हटलं, तुम्ही बाहेर बसा, झालं की हाक मारते. वहिनी म्हणाल्या, "नाही. इथेच थांबणार." धुण्याची खोली चार पावलांची. दादाला स्टूल दिलं, वहिनी भिंतीला टेकल्या, मी ट्रेपाशी.

कागद चौकटीतून सुटा केला. आधी नुसत्या साचलेल्या पाण्यात भिजू दिला. मग नळ, धार अगदी बारीक, कोपऱ्यातून, म्हणजे चित्रावर थेट पडणार नाही. काचेच्या कपात गुलाबी औषधाचं पाणी करून ठेवलं. त्यात ट्रेतलं पाणी थेंबथेंब सोडायचं. हायपो असेल तर गुलाबी रंग उडतो. पहिल्या दोन थेंबांतच उडाला. दादाने विचारलं, "एवढं होतं आत?" मी म्हटलं, हो, एवढं.

वीस मिनिटांनी पाण्याला पिवळट झाक आली. खडकाच्या पायथ्याचा तपकिरी रंग सैल पडल्यासारखा वाटला. ठिपका दिसत होता, मग होता की नाही ते सांगता येईना. माझा हात कागद उचलायला आपोआप पुढे गेला. वहिनींनी तो मनगटाशी धरला. "तास होऊ द्या, वन्सं."

तेव्हाच मी काचेचं सांगितलं. ट्रेकडे बघत सांगितलं, त्यांच्याकडे नाही. फुटली नव्हती, मी घासली. आता दुसरा ठसा कधीच निघणार नाही तो माझ्यामुळे.

वहिनी म्हणाल्या, "मला माहिती आहे."

मी वळून पाहिलं.

"मी त्या दिवशी तुमच्याकडे डबा घेऊन आले होते. तुम्ही नळाशी पाठमोऱ्या होतात. काच घासत होतात आणि रडत होतात. इतकं मोठ्याने रडताना मी तुम्हाला ना आधी पाहिलं ना नंतर. डबा पायरीवर ठेवून मी परत गेले."

"नऊ वर्षं तुम्ही..."

"काय बोलणार? मी तिचे सगळे कपडे पहिल्याच आठवड्यात देऊन टाकले. ह्यांनी मला कधी विचारलं नाही. मग मी तुम्हाला कुठल्या तोंडाने विचारू?"

नळ चालू होता. मी दर दहा मिनिटांनी कप बदलला. पन्नासाव्या मिनिटाला गुलाबी रंग टिकला. तरी तास पुरा होऊ दिला.

ओला ठसा नेहमी फिका दिसतो, वाळला की गडद होतो. खडक थोडा परत येईल. बाकीचं उद्या कळेल, असं त्यांना सांगितलं. कागद जाळीवर आडवा घातला. दोघं गेले. मी खोलीला कुलूप लावलं, म्हणजे सारखी जाऊन बघणार नाही. किल्ली चौकटवाल्याकडे ठेवून आले. त्याने कशाची ते विचारलं नाही. मीही पुठ्ठ्याबद्दल त्याची माफी मागून घेतली.

२४ फेब्रुवारी

सकाळी किल्ली आणून तिघं मिळून धुण्याच्या खोलीत गेलो. दादाने रजा घेतली होती.

कागद वाळला होता. खडक आलाय, खरंच आलाय. त्याची उजवी कड तर नव्यासारखी दिसते. पठाराची रेघ आली आहे. दादाने ठसा खिडकीपाशी नेला, चष्मा लावून पाहिला, काढून पाहिला. मग माझ्याकडे दिला. "आहे ना ती?"

मी भिंग घेतलं. पायथ्याशी जिथे ती होती ती जागा मला डोळे मिटून दाखवता येईल. तिथे पाहिलं. आजूबाजूला पाहिलं. पुन्हा तिथे पाहिलं.

एका शब्दाचं काम होतं. 'आहे' म्हटलं असतं तर दादाला ती रोज दिसली असती, मरेपर्यंत. माझा शब्द त्याने कधी खोटा धरलेला नाही. मी तो शब्द तोंडापर्यंत आणला होता.

"नाही, दादा," मी म्हटलं. "तिथे आता नुसता कागद आहे."

वहिनी खाली बसल्या. दादाने माझ्या हातातून ठसा घेऊन परत जाळीवर ठेवला. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग तोही वहिनींच्या शेजारी खाली, फरशीवरच बसला. मीही बसले, माझे गुडघे कुरकुरले.

"त्या दिवशी काय झालं?" दादाने विचारलं. "तुम्ही दोघी तिथे गेलात तेव्हा. मी कधी विचारलंच नाही तुला. चित्र होतं ना."

मला वाटलं होतं माझं सगळं विसरून झालंय. पण एक बोलले तर दुसरं आलं. कॅमेऱ्याचा तिपाई स्टँड तिने एकटीने उचलायचा हट्ट केला आणि अर्ध्या वाटेत तो माझ्याकडे न देता खाली ठेवून त्याच्यावरच बसली. खडकापाशी उभं राहायला तिने साफ नकार दिला, कारण तिथे एक सरडा होता आणि ती त्याची जागा होती. सरडा आपणहून निघून जाईपर्यंत आम्ही थांबलो. मग ती उभी राहिली. आठ आकडे मोजेपर्यंत हलायचं नाही, असं मी बजावलं होतं. झाल्यावर पळत आली आणि म्हणाली, "आत्या, मी श्वासपण घेतला नाही. तू बघितलंस का?" मी म्हटलं, हो तर, बघितलं. खरं म्हणजे मी घड्याळाकडे बघत होते. हेही आज त्यांना सांगितलं.

"आणि मग?" वहिनींनी विचारलं.

मग परत येताना तिचा बूट चावायला लागला. ती अनवाणी चालली, दोन्ही बूट माझ्या पिशवीत. मग तिला तहान लागली. मग तिने विचारलं की कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर आपण उलटे का दिसतो, आणि मी सांगितलेलं तिला पटलं नाही.

"आणि मग?"

मग आपल्या गल्लीच्या तोंडाशी तिने परत बूट घातले, तुम्ही रागवाल म्हणून. आणि आम्ही घरी पोचलो. दारात तुम्ही उभ्या होतात, मी वहिनींना म्हटलं. पुढचं तुम्हाला माहितीच आहे.

"असू दे," वहिनी म्हणाल्या. "तेही सांगा."

मग तेही सांगितलं.